चौकातील पोलादी शिल्प दुरुस्त करताना

उत्तर गोव्यातील एका शहराच्या मुख्य चौकात, चार रस्ते जेथे मिळतात त्या बेटावर, एक अमूर्त शिल्प गेली सुमारे तीन दशके उभे आहे. वाकवलेले तीन पोलादी पत्रे, प्रत्येकी साधारण साडेपाच मीटर उंच, तळाशी अरुंद, मध्यावर रुंद, एकाच जाड तळपट्टावर जोडलेले आणि वर जाताना एकमेकांकडे कललेले, पण एकमेकांना कोठेही न टेकणारे, अशी त्याची रचना आहे. कोणत्याही व्यक्तीचे, प्राण्याचे किंवा वस्तूचे रूप त्यात नाही. ज्यांनी ते घडवले ते शिल्पकार आता हयात नाहीत. चौकाचे रुंदीकरण ठरले आणि त्याच सुमारास शिल्पाच्या तळाशी गंजाने पडलेली भोके लोकांच्या नजरेस आली, तेव्हा ते काढून भंगारात द्यावे की दुरुस्त करून नव्या बेटावर पुन्हा बसवावे, असा प्रश्न पालिकेपुढे उभा राहिला. तपासणी करून अहवाल द्यावा म्हणून मला बोलावण्यात आले आणि पुढे दुरुस्तीचे कामही माझ्याकडेच आले. पणजीला आल्तिनोवरच्या गोवा कला महाविद्यालयात मी शिल्पकला शिकलो आणि फोंडा तालुक्यात माझी लोखंडकामाची कार्यशाळा आहे. या कामात जे पाहिले, केले आणि समजले ते सविस्तर लिहून ठेवत आहे, कारण चौकाचौकांत उभी असलेली अशी कामे आता जुनी होत चालली आहेत आणि त्यांची निगा कशी राखावी याची लेखी नोंद कोणाच्याही फाईलमध्ये मला आढळली नाही.

तपासणीची सुरुवात मी शिल्पाला हात न लावता केली. दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी, चारही रस्त्यांनी, कधी पायी, कधी स्कूटरवरून, कधी कदंबच्या बसमध्ये अगदी पुढे बसून त्या बेटाकडे येत राहिलो. ताशी ३० किलोमीटर वेगाने येणारे वाहन सेकंदाला आठ मीटरांहून थोडे अधिक अंतर कापते. शिल्प साधारण ६० मीटरांवरून नीट दिसू लागत असेल, तर चालकाला ते पाहण्यासाठी जेमतेम सात सेकंद मिळतात, आणि त्या सात सेकंदांतही त्याचे लक्ष उजवीकडून येणाऱ्या वाहनांकडे असणे आवश्यक असते. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियांचा जो ब्राँझचा पुतळा आहे, रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला आणि १९४५ साली बसवलेला, तो आपण त्याच्यासमोर उभे राहून, हवा तितका वेळ पाहू शकतो. चौकातील बेटावरच्या शिल्पासमोर कोणी उभे राहत नाही. ते पाहिले जाते ते वळताना, ओझरते, पण वर्षानुवर्षे रोज. त्या पाहण्यासाठी हे काम घडवले आहे की नाही, हा माझ्या दृष्टीने पहिला प्रश्न होता.

त्याचे उत्तर मला पणजीकडून येणाऱ्या रस्त्यावर मिळाले. त्या बाजूने येताना तीनही पत्रे एकामागे एक येतात आणि एकच बंद, गडद, उभा आकार समोर दिसतो. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे बेटाला वळसा घालताना प्रत्येक वाहन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते आणि शिल्प सतत चालकाच्या उजव्या हाताला राहते. वळण सुरू होताच पहिल्या आणि दुसऱ्या पत्र्यामध्ये एक फट दिसू लागते. ती रुंदावत जाते, तिच्यातून आकाश दिसते, मग तिसरा पत्रा अगदी कडेवर येतो आणि त्याची आठ मिलिमीटरची जाडी तेवढी एखाद्या रेघेसारखी उरते, आणि बाजाराच्या रस्त्याकडे गाडी बाहेर पडते त्या क्षणी तीनही पत्रे पूर्ण उलगडून समोर येतात. हा क्रम योगायोगाचा नाही याची खात्री करण्यासाठी मी एका पहाटे, रस्ता मोकळा असताना, बेटाभोवती उलट्या दिशेने चालून पाहिले. तेव्हा फट अचानक उघडते आणि लगेच मिटते, रेघ कोठे येते ते कळत नाही, आणि शेवटी नजर एका बंद आकारावर येऊन अडते. शिल्पकाराने वाहतुकीची दिशा गृहीत धरून, तिच्याच गतीने उलगडणारी रचना केली होती. दुरुस्तीत हे जपले नाही तर पत्रे कितीही चकचकीत झाले तरी शिल्प गेलेच, असे मी अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहिले.

बेटासमोर वडाखाली मोटारसायकल पायलटांचा, म्हणजे भाड्याने दुचाकीवरून प्रवासी नेणाऱ्यांचा, थांबा आहे. गिऱ्हाइकाची वाट पाहत दिवसाचे कित्येक तास ते तेथे बसतात, म्हणून या शिल्पाचे खरे दीर्घकाळचे प्रेक्षक तेच. ते त्याला शीड म्हणतात. दुपारी एका पत्र्याची सावली दुसऱ्यावर कशी सरकत जाते, पावसाळ्यात कोणत्या पत्र्यावर शेवाळ आधी धरते, कोणत्या फटीत दरवर्षी पक्षी घरटे करतात, हे सगळे त्यांच्याकडूनच मला कळले. त्यांतल्या एका वयस्कर पायलटाने मी निघताना एवढेच सांगितले, ‘‘रुंद करायचा तेवढा रस्ता करा, पण तें काडूं नाकात,’’ म्हणजे ते काढू नका. कला म्हणजे काय यावरची चर्चा मी पुष्कळ ऐकली आहे, परंतु रोज पाहणाऱ्याने दिलेली साक्ष मला तिच्याहून अधिक वजनदार वाटते.

पालिकेच्या बैठकीत मात्र सूर वेगळा होता. काहींना तेथे एखाद्या थोर पुरुषाचा पुतळा हवा होता. या मागणीचा निकाल कायद्यानेच लावला. सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ रोजी दिलेल्या आदेशानुसार सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि लोकोपयोगी जागा यांवर पुतळा बसवण्यास किंवा बांधकाम उभारण्यास राज्यांना परवानगी देता येत नाही. पथदिवे, वाहतूक, तसेच रस्त्यांचा विकास आणि सुशोभन यांसाठीच्या कामांना तो आदेश लागू नाही. म्हणजे नवा पुतळा शक्य नव्हता, आणि आधीपासून असलेले शिल्प नव्या बेटावर हलवायचे तर ते सुशोभनाच्या कामात दाखवणे भाग होते. फाईलवर तसेच लिहिले गेले. एका विचारपूर्वक घडवलेल्या कलाकृतीला कुंड्या आणि रंगीत दिव्यांच्या रांगेत बसवावे लागले याचे मला वाईट वाटले, आणि आजही वाटते, पण त्या शब्दामुळेच ते भंगारात जाण्यापासून वाचले.

‘‘अरे, पण हे नेमके आहे तरी काय, ते सांग,’’ असे एका ज्येष्ठ नगरसेवकांनी मला विचारले. त्यांच्या विचारण्यात अवहेलना नव्हती. मी म्हणालो, ‘‘भाई, मंगेशीच्या देवळासमोरचा सात मजली दीपस्तंभ कोणासारखा दिसतो, असे आपण विचारत नाही. तो उभा आहे, त्याची उंची आणि त्याचे कोन आपल्याला भावतात, एवढे पुरते.’’ ते म्हणाले, ‘‘त्यावर दिवे लागतात.’’ हा मुद्दा योग्य होता आणि तो मी मान्य केला. वासुदेव गायतोंडे यांच्यासारखा भारतातील अमूर्त चित्रकलेतला अग्रणी गोमंतकीय कुटुंबातला होता, हेही मी सांगून पाहिले, पण नावाच्या मोठेपणाने कोणाला दिसू लागत नाही. शेवटी मी भाईंना त्यांच्याच गाडीत पुढच्या आसनावर बसवून चौकाला वळसे घातले आणि फक्त फटीकडे पाहायला सांगितले. काही वळशांनंतर ते म्हणाले, ‘‘म्हणजे हे गाडीतून जाणाऱ्यासाठी केले आहे.’’ पुढच्या बैठकीत शिल्प राखण्याचा ठराव त्यांनीच मांडला.

त्या बैठकीत मी परदेशातील दोन उदाहरणेही ठेवली होती. न्यूयॉर्कमध्ये रिचर्ड सेरा यांची ३६ मीटरांहून अधिक लांबीची पोलादी वक्र भिंत १९८१ साली एका सरकारी चौकात उभारली गेली. ती येण्याजाण्याच्या वाटेत आडवी येते अशी तेथे काम करणाऱ्यांची तक्रार होती, १९८५ मध्ये जाहीर सुनावणी झाली आणि १९८९ मध्ये ती कापून हलवण्यात आली. याउलट मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्स या शहरात अलेक्झांडर काल्डर यांचे लाल रंगाचे प्रचंड पोलादी शिल्प १९६९ साली आले, तेव्हा त्यालाही विरोध झाला होता. आज त्याची आकृती त्या शहराच्या बोधचिन्हात आहे. मला यातून जे घ्यायचे होते ते साधे होते. चालणाऱ्या माणसाच्या पायांत शिल्प येता कामा नये. म्हणून नव्या बेटाच्या आराखड्यात रस्ता ओलांडण्याचे पट्टे कोठे येतात, बाजारातून थैल्या घेऊन येणाऱ्या बायकांना बेटाजवळून वळसा पडतो का, हे मी आराखडा करणाऱ्या अभियंत्यांबरोबर जागेवर जाऊन पाहिले. एक पट्टा त्यानंतर सरकवण्यात आला.

आता गंजाविषयी. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असते. तरीही पत्र्यांचा वरचा भाग आश्चर्य वाटावे इतका शाबूत होता. जाडी मोजण्याच्या यंत्राने पाहिले असता मूळच्या आठ मिलिमीटरांपैकी बहुतेक ठिकाणी साडेसात शिल्लक होते. सारा नाश तळाच्या वीतभर पट्ट्यात झाला होता. पत्रे तळपट्टाला जेथे मिळतात तेथे नंतरच्या कोणत्यातरी दुरुस्तीत सिमेंट चढवून लिंपण्यात आले होते. सिमेंट आणि पोलाद यांच्यामधल्या बारीक चिरेतून पाणी आत जाते, पण बाहेर येत नाही. त्या अंधाऱ्या, ओल्या जागेत मीठ साठत राहते, आत प्राणवायू कमी आणि बाहेर जास्त, त्या फरकामुळे आतला भाग वेगाने खाल्ला जातो. बाहेरून सिमेंट घट्ट दिसत होते. ते फोडले तेव्हा आत गंजाचे पापुद्रे हाताने सोलता येत होते आणि काही ठिकाणी पत्रा तीन मिलिमीटरांहूनही कमी उरला होता. जांभ्या दगडाच्या चौथऱ्याने यात भर घातली होती, कारण जांभा सच्छिद्र असतो आणि पावसाळा संपल्यावरही कितीतरी दिवस ओल धरून ठेवतो.

दुसरी जखम नावाच्या पाटीखाली होती. पितळेची पाटी कोणीतरी थेट पोलादावर बोल्टांनी आवळून बसवली होती. दोन भिन्न धातू एकमेकांना चिकटून ओले राहिले की त्यांतला जो अधिक क्रियाशील, येथे पोलाद, तो झिजतो, हा शाळेत शिकवला जाणारा नियम आहे. पाटीवर शिल्पकाराचे नाव होते आणि तीच पाटी त्यांचे काम पोखरत होती. तिसरी गोष्ट रंगाची. वेळोवेळी रंगकामाचे कंत्राट ज्यांना मिळाले त्यांनी गंज न खरवडता, बहुधा भिंतीसाठी आणलेलाच रंग एकावर एक चढवला होता. पांढरा, पिवळा, पुन्हा पांढरा, कधी सणासाठी चंदेरी. या थरांची जाडी इतकी झाली होती की पत्र्याची धारदार कड बोथट दिसू लागली होती, आणि वळणावर जी रेघ दिसायला हवी ती जाड पट्टी झाली होती.

मूळ रंग कोणता, यावर मतभेद झाले. आजच्या पिढीने शिल्प पांढरेच पाहिले होते. शिल्पकाराच्या कुटुंबीयांकडे पातळ पत्र्याची एक छोटी प्रतिकृती आणि उभारणीच्या वेळचे एक कृष्णधवल छायाचित्र होते, आणि त्या छायाचित्रात शिल्प स्पष्टपणे गडद दिसत होते. मी शस्त्रक्रियेच्या पात्याने एका जागी रंगाचे थर पायरीपायरीने उघडे केले. सर्वांत खाली करडा प्रायमर आणि त्यावर निळसर हिरवा रंग सापडला, पण उन्हाने तो विटलेला होता, आणि विटलेल्या रंगावरून मूळ छटा ठरवणे धोक्याचे असते. ती छटा मला तळाच्या एका वॉशरखाली मिळाली, जेथे ऊन कधी पोहोचलेच नव्हते: खोल पाण्याचा, जवळजवळ काळ्याकडे झुकणारा निळा-हिरवा. एकदा ती पाहिल्यावर पणजीकडून दिसणारा तो बंद, गडद आकार आणि मग उघडणारे आकाश यांतला विरोध माझ्या पूर्ण लक्षात आला. पांढऱ्या रंगात पावसाळी ढगांवर फट दिसतच नसे. कुटुंबीयांनी मान्यता दिली, पालिकेनेही दिली, आणि पांढऱ्याची सवय असलेल्या काही जणांची नाराजी अजून गेलेली नाही.

याच टप्प्यावर पत्रे बदलून दुसऱ्या धातूत शिल्प नव्याने करावे, अशीही सूचना आली. आपोआप गंजून स्वतःवर संरक्षक थर धरणारे कॉर्टेन पोलाद सध्या वास्तुरचनाकारांत लोकप्रिय आहे, पण तो थर स्थिर होण्यासाठी पोलाद आळीपाळीने ओले आणि कोरडे व्हावे लागते, आणि हवेत मीठ असेल तर तो स्थिरावतच नाही. आमच्या किनाऱ्यालगत ते वापरू नये असे माझे ठाम मत आहे. ३१६ जातीचे स्टेनलेस टिकले असते, कारण त्यात मोलिब्डेनम असते आणि मिठाला ते ३०४ जातीच्या स्टेनलेसपेक्षा चांगले तोंड देते, परंतु मग ते शिल्प राहिले नसते, त्याची नक्कल झाली असती. वितळलेल्या जस्तात बुडवून मुलामा द्यावा, तर जस्ताचे तापमान साधारण ४५० अंश सेल्सिअस असते आणि एवढे लांब, वाकवलेले पत्रे त्या उष्णतेत पिळवटण्याची भीती होती. म्हणून जुनाच पत्रा राखायचा, तळाचा नासलेला भाग कापून तेथे नवा जोडायचा आणि त्यावर उत्तम रंगाचे आवरण द्यायचे, असे ठरले.

दिवाळीनंतर, रस्त्यावरची रहदारी ओसरल्यावर, मध्यरात्री शिल्प उतरवले. वीजखात्याने वरच्या तारांचा प्रवाह बंद ठेवला, वाहतूक पोलिसांनी दोन रस्ते वळवले आणि हायड्रा क्रेनने पत्रे एकेक करून उचलले. साखळी न वापरता रुंद नायलॉनचे पट्टे वापरले. सगळ्याचे मिळून वजन पावणेदोन टनांच्या आसपास भरले.

कार्यशाळेत सर्वाधिक काळ गेला तो नव्या तुकड्यांची वक्रता जुळवण्यात, आणि या कामाचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग तोच आहे. तळाचे कापलेले तुकडे पुन्हा करण्यासाठी आम्ही आठ मिलिमीटरचा नवा पत्रा रोलिंग यंत्रातून वाकवून आणला. जुन्या पत्र्याला तो लावला तेव्हा मोजमाप जुळत होते, पण नजरेला जोड खुपत होता. यंत्राची वक्रता सर्वत्र सारखी असते. जुना पत्रा हाताने, गॅसच्या ज्योतीने तापवून, थोडाथोडा ठोकत वाकवलेला होता, त्यामुळे त्याची वक्रता वर जाताना हळूहळू सैल होत होती आणि मध्येच एका ठिकाणी किंचित ताठ झाली होती. माझ्याकडे अनेक वर्षे काम करणाऱ्या वेल्डर मेस्त्रींनी ते ताठ झालेले ठिकाण बोटांनी आधी ओळखले आणि मग म्हणाले, ‘‘इथे ते दमले असतील, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू केले असेल.’’ असे झाले असेल किंवा नसेलही, पण आम्ही त्यानंतर यंत्रावर अवलंबून राहणे सोडले. जुन्या पत्र्याच्या दर वीतभर उंचीवर त्याच्या वक्रतेला बसणारे प्लायवूडचे फर्मे, म्हणजे साचे, कापले, त्यांच्यातील बदल कसा होत जातो ते कागदावर मांडले, तो बदल खाली वाढवत नेला आणि नवा पत्रा त्या फर्म्यांना बसेपर्यंत तापवून, ठोकून घडवला. जोड घासून एकसंध केला, पण फक्त बाहेरच्या अंगाने. आतल्या अंगाला शिल्पकाराने वेल्डिंगचे कणे, म्हणजे जोडावर वर आलेल्या धातूच्या रेघा, जाणूनबुजून न घासता ठेवले होते. पायी चालणाऱ्याला, फटीतून आत डोकावले तर, काम कसे उभे राहिले ते त्यात दिसते. आम्ही ते तसेच ठेवले आणि आमचे नवे कणेही उघडे ठेवले, म्हणजे पुढच्या दुरुस्ती करणाऱ्याला जुने कोणते आणि नवे कोणते ते कळेल.

रंगापूर्वी पृष्ठभाग धातूच्या खड्यांच्या झोताने पूर्ण उघडा करून घेतला. वाळूचा झोत स्वस्त पडतो, परंतु वाळूची बारीक धूळ फुफ्फुसांत जाऊन सिलिकोसिस होतो, म्हणून ती पद्धत मी माझ्याकडे वापरू देत नाही. किनाऱ्यावरच्या जुन्या पोलादाची अडचण अशी की झोताने ते स्वच्छ, राखाडी दिसू लागते, पण गंजाच्या बारीक खड्ड्यांत मीठ शिल्लक राहते आणि रातोरात तेथे काळे डाग फुटतात. मग गोड्या पाण्याने धुणे, वाळवणे आणि पुन्हा झोत मारणे, असे डाग फुटायचे थांबेपर्यंत करावे लागते. यात घाई केली तर रंगाखाली दोन वर्षांत फुगे येतात. त्यानंतर जस्तयुक्त इपॉक्सी प्रायमर, मधला जाड इपॉक्सीचा थर आणि वर पॉलियुरेथेनचा रंग, सगळे मिळून पाव मिलिमीटरच्या आसपास. रंग लावताना पत्र्याचे तापमान दवबिंदूच्या, म्हणजे ज्या तापमानाला दव धरू लागते त्याच्या, किमान तीन अंश वर असावे लागते आणि हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली. फोंड्याच्या बाजूला हिवाळ्यातल्या सकाळी पत्र्यावर दव इतके असते की उन्हे चांगली वर येईपर्यंत डबा उघडण्यात अर्थ नसतो. आम्ही दुपारचे तेवढे तास धरून रंग दिला, आणि धारेवर रंग पातळ बसतो म्हणून कडांना आधी ब्रशने वेगळा हात दिला.

दरम्यान नव्या बेटाची जागा आखली गेली होती. ते जुन्या बेटापेक्षा मोठे होते आणि पणजीचा रस्ता आता थोड्या वेगळ्या कोनातून येत होता. जुन्याच दिशेने शिल्प बसवले असते तर पत्रे एकामागे एक आलेच नसते आणि उलगडण्याचा सारा क्रम बिघडला असता. संगणकावरचे चित्र पाहून दिशा ठरवावी असा आग्रह होता, पण चालत्या गाडीतल्या डोळ्याला काय दिसते ते पडद्यावर पुरेसे कळत नाही. म्हणून मी जवळच्या वाड्यावरील, दिवाळीसाठी नरकासुराचे उंच पुतळे करणाऱ्या मुलांना बोलावले. बांबू, सुतळी आणि कापड यांपासून दोन-तीन पुरुष उंचीचा, वाऱ्यात उभा राहणारा सांगाडा झटपट उभारण्याचे कौशल्य गोव्यात त्यांच्याइतके कोणाकडे नाही. त्यांनी शिल्पाच्या पूर्ण मापाचे तीन वक्र बांबूचे सांगाडे करून त्यांवर गडद कापड ताणले, खाली फळ्यांचा फिरता पाट बसवला, आणि एका रविवारी भल्या पहाटे आम्ही ते नव्या बेटावर उभे केले. मी गाडीतून वळसे घालायचो, फोनवर सांगायचो, आणि मुले पाट थोडा थोडा फिरवायची. फट योग्य जागी उघडली तेव्हा तेथे जमलेल्या पायलटांनीच मला हात दाखवला. ती दिशा काँक्रीटवर खुणा करून पक्की केली. वाहतूक पोलिसांची हरकत दृष्टी अडण्याबाबत होती आणि ती रास्त होती. ताशी ३० किलोमीटर वेगाला थांबण्यासाठी सुमारे ३० मीटर अंतर मोकळे दिसावे लागते, आणि चालकाच्या डोळ्याची उंची त्यासाठी १.२ मीटर धरतात. पत्रे तळाशी अरुंद असल्यामुळे शिल्पाची अडचण नव्हती. आराखड्यातल्या उंच झुडपांची मात्र होती, आणि ती रद्द होऊन त्या जागी हिरवळ आली.

शिगमोच्या मिरवणुकांचे दिवस टाळून, पावसाच्या बऱ्याच आधी, शिल्प पुन्हा उभे केले. पणजीसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग भारतीय मानकात सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरलेला आहे. त्या वेगाला दर चौरस मीटरवर ९० किलोंहून थोडे अधिक वजन ठेवल्याइतका दाब येतो, आणि हे पत्रे वाऱ्याला आडवे येतात, म्हणून पायाचे काँक्रीट आणि अँकर बोल्ट यांची गणिते संरचना अभियंत्यांकडून तपासून घेतली. तळपट्ट काँक्रीटच्या वर थोडा उचलून, खाली न आकसणारे ग्राउट, म्हणजे पोकळी भरणारे मिश्रण, भरून त्याला बाहेरच्या बाजूने उतार दिला. पत्र्यांच्या मधोमध, जेथे पाने साठून पाणी तुंबत असे, तेथे हाताची बोटे जातील एवढे छिद्र ठेवले, म्हणजे ते साफही करता येईल. जांभा दगड राखला, पण पोलादापासून वेगळा, मध्ये मोकळी जागा सोडून. पितळी पाटी आता चौथऱ्यावर आहे आणि पोलादाला तिचा स्पर्श नाही.

काम संपल्यावर मी पालिकेला एक छोटी वही दिली. तीत रंगाचे नाव व क्रमांक, थरांची जाडी, बोल्टांची मापे, फर्म्यांची चित्रे, दिशेच्या खुणा आणि दरवर्षी काय करायचे ते लिहिले आहे: पावसाळा संपताच आणि मेमध्ये एकदा गोड्या पाण्याने धुणे, मधले छिद्र मोकळे करणे, कडांवर रंग सुटला असल्यास तेवढाच भाग खरवडून ठरलेल्या क्रमाने भरणे, आणि कोणत्याही कारणास्तव सिमेंट न चढवणे. धुण्याचे काम आता बागेच्या देखभालीच्या वार्षिक कंत्राटात घातले गेले आहे. पहिल्या पावसाळ्यानंतर मी तपासणी केली तेव्हा तळ कोरडा होता. मात्र एका पत्र्याच्या आतल्या अंगाला, रोषणाईची माळ अडकवण्यासाठी, कोणीतरी दोन छिद्रे पाडली होती आणि त्यांच्याभोवती गंजाची सुरुवात झाली होती. ती आम्ही भरून काढली, आणि रोषणाईसाठी बेटाच्या कडेला स्वतंत्र खांब द्यावा असा अर्ज मी केला आहे. तो पालिकेच्या पुढील बैठकीत येणार आहे, आणि भाईंनी तो स्वतः मांडण्याचे कबूल केले आहे.